कुंकवापुरती जागा

बावन्नाव्या वर्षी लोक गुडघ्याला पट्टा बांधतात, तुम्ही दाराशी घोडे बांधलेत, असं बायको म्हणाली. घोडे ३०६ आहेत. गाडी बीएमडब्ल्यूची झेड फोर, सेकंडहँड, पांढरीशुभ्र आणि दोन सीटची. घरात माणसं चार. शून्यावरून शंभरचा वेग ती पाच सेकंदांच्या जरा वर गाठते, असं कागदावर लिहिलंय. मी मानपाड्याला राहतो. संध्याकाळी घोडबंदर रोडवर डावीकडे मेट्रोचे पत्रे, उजवीकडे न्हावाशेव्याहून गुजरातला निघालेला कंटेनर आणि मध्ये मी असे आम्ही शेजारी शेजारी उभे असतो. ती पाच सेकंदं मला अजून मिळालेली नाहीत.

गाडी आली त्याच रात्री नवी मुंबईहून मेहुण्याचा फोन आला. नवी मुंबईत रस्ते रुंद असल्यामुळे तिथल्या माणसांची मतंही मोकळी ढाकळी असतात. "भावोजी, आधी पीपीएफ मारून घ्या."

माझ्या पिढीला पीपीएफ म्हटलं की पोस्ट आठवतं. पासबुक, पंधरा वर्षं, मार्च अखेरची धावपळ. मी म्हणालो, "आहे की. सत्त्याण्णवपासून आहे."

"तो नाही हो. पेंट प्रोटेक्शन फिल्म."

पुढे अर्धा तास त्याने मला जे सांगितलं त्याचं सार असं की, गाडीच्या रंगावर एक पारदर्शक प्लॅस्टिकचा थर चिकटवतात. साधं प्लॅस्टिक नव्हे, थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. जाडी साधारण २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. उडालेला खडा त्यावर आपटतो आणि रंगाचा टवका निघत नाही. बारीक चरा पडला तर उन्हाने किंवा कोमट पाण्याने तो आपोआप भरून येतो. आणि ही युक्ती मुळात व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांसाठी निघाली, वाळू आणि खडीने ती झिजू नयेत म्हणून. हे ऐकल्यावर मात्र मला पटलं. ज्या रस्त्यावर मी रोज गाडी चालवतो त्यासाठी हेलिकॉप्टरच बरोबर होतं, परवडलं नाही म्हणून गाडी घेतली.

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात गेलो. आत ऑपरेशन थिएटरसारखे पांढरेफेक दिवे, आणि त्याखाली एक जर्मन गाडी पोटावर पाणी मारून घेत निपचित पडलेली. तिथल्या मुलाने माझ्यासमोर गाडीचं चित्र ठेवलं, खाटकाच्या दुकानात बोकडाचे भाग आखून टांगलेले असतात तसं. बंपर, बॉनेट, चाकांवरचे फेंडर, आरसे, दरवाजे, डिकी. कुठे कुठे लावायचं, बोला.

आता इथून माझे हाल सुरू झाले. चित्रावर चार प्रकारचे रंग होते. पहिला प्रकार स्वस्त: पुढचा बंपर, आरसे आणि बॉनेटचा पहिला दीड फूट. दुसऱ्यात बॉनेट आणि पुढचे दोन्ही फेंडर पूर्ण. तिसऱ्यात त्यावर आणखी दरवाजांखालचे साइड स्कर्ट, मागच्या चाकांपुढचा फुगवटा, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब. चौथा, आपादमस्तक.

"सर, गाडी ट्रॅकवर नेता?"

"नाही."

"हायवेला जास्त असते का?"

"घोडबंदरला."

तो क्षणभर गप्प झाला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मग फुल बॉडीच करा."

फुल बॉडीचा आकडा होता १ लाख ६५ हजार. मी त्याला सांगितलं की सरकारच्या पीपीएफमध्येसुद्धा वर्षाला दीड लाखाच्या वर घेत नाहीत, आणि ते व्याज देतात. त्याला विनोद कळला नाही. त्याच्या वयाला पीपीएफ एकच.

मी पहिला, स्वस्त प्रकार बघत होतो. पण दीड फुटावर फिल्म संपते तिथे बॉनेटवर आडवी रेघ दिसते, तिच्यात मळ बसतो आणि वर्षभरात ती काळी पडते. झेड फोरचं बॉनेट लांबलचक असतं, ड्रायव्हर जवळजवळ मागच्या चाकांवरच बसतो. एवढ्या पटांगणात मध्येच रेघ म्हणजे शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झाल्यासारखं दिसणार. शिवाय मी ठाणेकर आहे. अर्धवट तटबंदीचं काय होतं हे आम्हाला शिकवावं लागत नाही. पोर्तुगीजांनी १७३० साली ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला, सात वर्षांनी चिमाजी आप्पांची फौज आली तेव्हा काम अपुरंच होतं. किल्ला गेला. आज तिथे तुरुंग आहे.

विचार करून सांगतो म्हणालो, तेवढ्यात त्या मुलाने एक छोटं यंत्र आणून गाडीला ठिकठिकाणी टेकवलं. रंगाची जाडी मोजतात म्हणे. फेंडर ११५ मायक्रॉन, डिकी १२०, डावा दरवाजा ११०. उजव्या दरवाजावर यंत्राने २८० दाखवलं. त्याने पुन्हा टेकवलं. पुन्हा २८०.

"सर, हा दरवाजा रंगवलेला आहे."

लग्न झाल्यावर सासरच्या माणसांनी हळूच काही सांगावं तसं त्याने ते सांगितलं. दोष त्यात इतकाच की कंपनीचा मूळ रंग फिल्म काढताना जागचा हलत नाही, पण बाहेर मारलेला रंग कधी कधी फिल्मबरोबर सोलून येतो. म्हणजे पुढेमागे दरवाजाला प्लॅस्टिकही नाही आणि रंगही नाही. मी घरी येईपर्यंत त्या दरवाजाकडे पाहिलं नाही.

मग मी एक काम केलं, ज्याचा मला अजूनही अभिमान आहे. वही केली. कंपनीचं चित्र जर्मनीच्या रस्त्यांवरून काढलेलं असणार, तिथे गाडीला इजा होते ती पुढून उडणाऱ्या खड्यांनी. आपल्याकडे इजा कुठून होते ते आपणच मोजलं पाहिजे. पंधरा दिवस रोज रात्री बॅटरी घेऊन बेसमेंटमध्ये जायचं, गाडीभोवती फिरायचं, नवीन काय झालं ते लिहायचं. वॉचमनने तिसऱ्या रात्री मला चहा विचारला. त्याला वाटलं माझं घरात काहीतरी बिनसलंय.

वही सांगते ती हकिगत अशी. खड्यांचे टवके पंधरा दिवसांत दोन, दोन्ही गायमुखकडून येताना, एक बंपरवर आणि एक मागच्या चाकाच्या पुढे, कारण पुढचं चाक खडी उचलतं आणि मागच्या फुगवट्यावर फेकतं. एवढ्यापुरते जर्मन बरोबर. बाकी सगळे हल्ले स्थानिक होते. बॉनेटवर मांजर, रोज, कारण इंजिन उबदार असतं. मांजराबद्दल तक्रार नाही, ती नखं आत घेऊन झोपते. तक्रार तिला हाकलायला बॉनेटवर चावी वाजवणाऱ्या चारशे दोनमधल्या काकांबद्दल आहे. दरवाजाच्या कडेला शेजारच्या एसयूव्हीचा लाल रंग. आरशावर रिक्षाचा पिवळा. छपरावर बेसमेंटच्या गळक्या स्लॅबचं पाणी, आणि ते साधं पाणी नसतं, सिमेंटमधला चुना घेऊन उतरतं. वाळलं की पांढरा चट्टा बसतो तो नखानेही निघत नाही. हे मी सेक्रेटरींना फोटोसकट कळवलं. अठरा वर्षं गळणाऱ्या स्लॅबखाली दोन दिवसांत पत्र्याची पन्हळ लागली. आता पाणी काकांच्या गाडीवर पडतं. या बाबतीत मी त्यांना काही बोललो नाही.

डिकीच्या काठाचं प्रकरण वेगळंच. या गाडीचं छप्पर घडी होऊन डिकीत बसतं, आणि ते बसलं की सामानाला १८० लिटर जागा उरते. गणपतीच्या बाजारात आपण किती लिटर फळं, फुलं आणि केळीचे खांब घेतो याचा अंदाज बायकोला जर्मन इंजिनिअरपेक्षा चांगला आहे. प्रत्येक पिशवी आधी काठावर टेकते, मग आत ढकलली जाते.

आणि शेवटची नोंद, जी मी दोन दिवस लिहू की नको करत होतो. डावीकडच्या दरवाजाच्या हँडलमागे जो वाटीसारखा खळगा असतो तिथे अर्धचंद्राकृती चरे, बारीक, एकाखाली एक. डाव्या दरवाजाने गाडीत एकच व्यक्ती बसते. मी वही तिच्या हाती लागू नये अशा ठिकाणी ठेवली. लागली.

"म्हणजे माझ्या बांगड्यांचे ओरखडे मोजता तुम्ही?"

मी म्हणालो, हे निरीक्षण आहे, आरोप नाही. पुढच्या आठवड्यात ती कुठेही जाताना रिक्षाने गेली आणि प्रत्येक भाडं वहीत लिहून ठेवलं.

या सगळ्यात आई शांतपणे टीव्ही बघत होती. एकदा मात्र तिने विचारलं, "नक्की काय चिकटवणार आहेत?" मी २०० मायक्रॉनपासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळं सांगितलं. तिने हातातला रिमोट वर धरला. त्याला प्लॅस्टिकची पिशवी घातलेली, मागे रबर बँड. "हे?"

या रिमोटवरून आयुष्यभर मी तिची चेष्टा केलीय. सोफ्याचं प्लॅस्टिक काढलं म्हणून दोन दिवस अबोला होता आमच्या घरात. आता मी तेच लाखाला विकत घेत होतो, हे माझ्या लक्षात आलं, बायकोच्याही आलं, आणि तिने मोठ्या मनाने खिडकीबाहेर बघितलं.

"सगळ्याला कशाला घालतोस?" आई म्हणाली. "जिथे हात लागतो तिथे घाल. मागच्या बाजूला कोण हात लावतंय."

पंधरा दिवसांच्या वहीचा निष्कर्ष अगदी हाच होता, फक्त माझ्याकडे आलेख होता.

ठरलं ते असं. समोरचं सगळं, म्हणजे बंपर, अख्खं बॉनेट, फेंडर, आरसे. मागच्या चाकांपुढचे फुगवटे. डिकीचा काठ. दरवाजांच्या कडा. हँडलमागचे खळगे, दोन्ही बाजूंचे, म्हणजे कोणाला कोणाकडे बोट दाखवायला नको. दरवाजे वगळले, एक त्याच्या पूर्वायुष्यामुळे आणि दुसरा त्याला वाईट वाटू नये म्हणून. छप्पर वगळलं, कारण आता वर पन्हळ होती आणि घडीच्या छपराच्या कडांना फिल्म बसवणं तसंही किचकट. ९० हजारांत बसलं. मेहुणा म्हणाला, "अर्धवटच केलंत." मी त्याला किल्ल्याची गोष्ट सांगितली नाही, ती त्याच्याच बाजूची होती.

बसवताना एक दिवस मी तिथे स्टुलावर बसून बघितलं. आधी गाडी धुतात, मग मळलेल्या कणकेसारख्या एका गोळ्याने रंगावरचा चिकटलेला कणन्‌कण उचलतात. मग शाम्पूच्या पाण्याने गाडी ओली करून फिल्म तिच्यावर सोडतात. ओली असेपर्यंत ती हवी तशी सरकते. जागेवर आली की रबरी पट्टीने पाणी आणि बुडबुडे कडेकडेने बाहेर काढायचे, वळणावर गरम हवा द्यायची, कडा आत दुमडायच्या. पापड लाटणाऱ्या बायकांकडे जी नजर असते ती त्या मुलाकडे होती. घाई नाही, बोलणं नाही. मलाच दोनदा वाटलं की याला एवढं काम आहे आणि मी इथे किमतीवरून घासाघीस केली.

निघताना त्याने बजावलं, "सर, सात दिवस पाणी लावायचं नाही. कडा सेट व्हायला वेळ लागतो."

तो दिवस शनिवार होता. मंगळवारी दसरा.

दसऱ्याला आमच्या घरी जे जे चाकावर फिरतं ते धुतलं जातं. मुलाची सायकल, शिलाई मशीन, पाहुण्यांची स्कूटर असली तर तीसुद्धा. आईला सांगितलं की गाडी धुवायची नाही, नुसती कोरड्या फडक्याने झटकायची. पारोशी गाडी पुजायची का, एवढंच ती म्हणाली आणि गप्प बसली. तिचं गप्प बसणं मी मंजुरी समजलो, ही माझी चूक.

बेसमेंटमध्ये ताट घेऊन आम्ही उतरलो. गोंड्याची माळ, आपट्याची पानं, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं, आणि वाटीत पाण्यात कालवलेलं कुंकू. मी निर्धास्त होतो. किंबहुना थोडा गर्वातच होतो. बॉनेटवर हात फिरवून म्हणालो, "काढ स्वस्तिक. हवं तेवढं मोठं काढ. इथे काही होत नाही."

आईने बोट कुंकवात बुडवलं, बॉनेटवर नेलं आणि थांबवलं.

"इथे ते प्लॅस्टिक लावलंयस ना?"

"हो, म्हणून तर..."

"मग ही पूजा गाडीची की प्लॅस्टिकची?"

बायको मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. तिने तो जरा जवळ आणला.

"दसऱ्याला रिमोट पुजायचा झाला तर मी पिशवी काढते," आई म्हणाली. "कुठे लावलं नाहीयेस ते सांग."

वही, पंधरा रात्री, रंगांचं चित्र, ९० हजार, या सगळ्यातून मला गाडीचा इंचन्‌इंच तोंडपाठ झाला होता. आईला खोटं सांगणं दसऱ्याच्या दिवशी शक्य नव्हतं. दरवाजे म्हणालो असतो, पण दरवाजावर स्वस्तिक काढत नाहीत.

"छप्पर," मी म्हणालो.

एरवी आई पाच फुटांच्या आत आहे. पंख्याच्या बटणाला तिला मुलाला हाक मारावी लागते. पण ही गाडी सव्वाचार फूट उंच. आई शांतपणे पुढे झाली आणि पांढऱ्याशुभ्र छपराच्या बरोबर मधोमध तिने ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चारही टिंबं दिली. वर हळदीचं बोट. मग अक्षता. मी फडकं घेऊन तयारच होतो, हे तिने न बघता ओळखलं.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "सात दिवस पाणी लावायचं नाही ना? बरं झालं. राहील छान."