टाच खाली, नजर वर

आमच्या ऑफिसात दर एप्रिलला प्रत्येकाकडून वर्षभराची उद्दिष्टं लिहून घेतात. ती मोजता येण्याजोगी हवीत, मुदतीची हवीत आणि वाचता वाचता साहेबांना डुलकी लागेल इतकी लांब हवीत. वीस वर्षं हेच करून हाताला असं वळण पडलंय की वाणसामानाची यादीसुद्धा मी 'पहिल्या तिमाहीत तूरडाळ' अशी करते. त्यामुळे वयाच्या ४९व्या वर्षी घोडेस्वारी शिकायचं ठरलं, तेव्हा हेल्मेटच्या आधी मी वही आणली.

वहीत लिहिलं: पहिल्या महिन्यात जमिनीवरून, कुणाच्या मदतीशिवाय घोड्यावर चढणे. दुसऱ्या महिन्यात दुडकी. चौथ्यात चौखूर. सहाव्यात दोन फुटांचा एक अडथळा. वर्षअखेर एखादी छोटी स्पर्धा, पदक ऐच्छिक.

हे खूळ डोक्यात शिरलं ते टीव्हीमुळे. सप्टेंबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष आगरवाला या चौघांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला शिस्तीत, ठरलेल्या चालींनी चालवायच्या प्रकारात, सांघिक सुवर्ण जिंकलं. १९८२नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी घोडेस्वारीत आपल्याला सुवर्ण मिळालं होतं. घोडा तिरका काय चालत होता, पावलं मोजून काय टाकत होता, आणि वर बसलेला स्वार? काहीच करत नव्हता. हात जागेवर, पाय जागेवर, चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतली शांतता. मी म्हटलं, हे आपल्याला जमेल. काहीही न करता बसून राहायचा वीस वर्षांचा अनुभव आहे.

नवऱ्याने "अगं, अटकेपार कधी निघायचं तेवढं आधी सांग, डब्याचं बघावं लागेल" एवढंच म्हणून पेपर पुढे ओढला. सासूबाई मात्र हादरल्या. "हे काय वय झालं घोड्यावर बसायचं?" मी त्यांना जपानच्या हिरोशी होकेत्सुंची गोष्ट सांगितली. ते १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले होते आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्येही, तेव्हा वय वर्षं ७१. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "त्यांच्या घरी स्वयंपाकाला कुणीतरी असेल," म्हणाल्या.

शहराबाहेरच्या त्या पागेत माझ्या वाट्याला आला बंड्या. रेसच्या कागदांवर त्याचं नाव चांगलं भारदस्त आणि इंग्रजी आहे, पण रेसमधून निवृत्त झाल्यावर नावही निवृत्त झालं. वय १६. उंची पंधरा हात तीन इंच. घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा असतो, म्हणजे पाठीच्या उंचवट्यापर्यंतच तो सव्वापाच फूट. मान आणि डोकं त्यात धरत नाहीत. मी डोकं धरून पाच फूट.

शिकवायला उस्ताद. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. साताऱ्याकडचे, फौजेत घोड्यांवर नोकरी करून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे वही उघडली. त्यांनी ती हातभर लांब धरून वाचली, परत केली आणि म्हणाले, "बेस हाय. आता वही ठिवा, आन् त्यो लाकडी ठोकळा घ्या."

"पण मला जमिनीवरून चढायचंय."

"तुमाला चढायचंय वो ताई. त्येला इचारलं का?"

मग त्यांनी समजावलं. घोड्यावर डावीकडून चढतात, कारण पूर्वी स्वाराच्या डाव्या कमरेला तलवार असायची. तलवार गेली, डावी बाजू राहिली. आता माझ्यासारखीने जमिनीवरून रिकिबीत पाय घालून स्वतःला वर ओढलं, की सगळं वजन एका बाजूला लटकतं. खोगीर सरकतं, पिळा बसतो तो बंड्याच्या कण्याला. ठोकळ्यावरून चढलं की त्याची पाठ वाचते. म्हणजे पहिल्या महिन्याचं उद्दिष्ट पहिल्या पाच मिनिटांतच रद्द, तेही समोरच्या पक्षाच्या तब्येतीच्या कारणावरून. साडेचारशे किलोचा भागीदार आणि करारावर सही फक्त माझी, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बंड्याची स्वतःची उद्दिष्टं होतीच. रिंगणात पागेचं दार ज्या बाजूला आहे, त्या बाजूला तो झपझप चालतो. दाराकडे पाठ झाली की पाय असे टाकतो जणू सरकारी कचेरीत फाईल पुढच्या टेबलावर न्यायची आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. थेट मागचं आणि अगदी नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. म्हणून माझ्या जॅकेटच्या खिशातलं गाजर त्याला पाठीवरूनही दिसतं. मी दिलेली आज्ञा बहुधा नाकासमोर पडत असावी.

आता दुडकी. दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग उलट. दोन ठोक्यांची चाल. त्या दर ठोक्याला खोगीर खालून तुम्हाला वर फेकतं, आणि तुम्ही खाली येता तोवर ते पुन्हा वर निघालेलं असतं. दोघांची गाठ मध्ये कुठेतरी पडते. ती कुठे पडते हे मी इथे लिहीत नाही, सासूबाई वाचतात. यावर उपाय म्हणून एका ठोक्याला उठायचं, एका ठोक्याला बसायचं. तेही हवं तेव्हा नाही: घोड्याचा रिंगणाच्या बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं.

हे वाचताना सोपं वाटतं. वर बसल्यावर टाच खाली दाबायची असते, नजर वर ठेवायची असते, कोपर अंगालगत, मूठ बंद, पाठ सरळ, आणि त्यातच नजर खाली न करता खाली असलेला खांदा बघायचा असतो. उस्ताद रिंगणाच्या मधोमध उभे राहून एका सुरात म्हणत, "टाच खाली, नजर वर. टाच खाली, नजर वर." मी टाच खाली केली की नजरही खाली जायची. नजर वर केली की टाच वर. माझ्यात या दोन गोष्टी बहुधा एकाच दोरीला बांधलेल्या आहेत.

"ताई, दळायला बसल्यावानी बसू नगा."

"ताई, लगाम म्हंजी बसमधला दांडा न्हवं. त्येच्या तोंडात हाय त्यो."

या दुसऱ्या वाक्याने मी शरमले. तोल जाईल तसा मी लगाम धरत होते आणि माझी प्रत्येक घसरण त्या बिचाऱ्याच्या तोंडात पोचत होती. तेव्हा टीव्हीवरचा तो काहीच न करणारा स्वार आठवला. हात जागेवर ठेवायचा तर कंबर, मांड्या, पोटऱ्या सगळ्यांनी राबावं लागतं. काहीच न करणं इतकं अवघड असतं हे मला ऑफिसात कधी जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला धरून, एकेक पायरी, आडवी उतरले. शेजारच्या काकूंनी गुडघ्यांचा डॉक्टर सुचवला.

दुसरा महिना गेला, तिसरा गेला. दुडकीच्या रकान्यात 'प्रगतिपथावर' लिहीत राहिले. ऑफिसात हा शब्द जे काम सुरूच झालेलं नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

चौथ्या महिन्यात, जेव्हा चौखूर उधळायचं ठरलं होतं, तेव्हा मी पडले. कुंपणाच्या तारेला कुठूनतरी उडत आलेली एक पिवळी कॅरीबॅग अडकली होती. रेसच्या मैदानात हजारो माणसांच्या आरडाओरड्यात धावलेला हा घोडा त्या पिशवीला घाबरला. तो उजवीकडे गेला, मी आधी ठरलेल्या दिशेने जात राहिले. रेती मऊ होती, डोक्यावर हेल्मेट होतं, काही मोडलं नाही. बंड्या चार पावलं जाऊन थांबला आणि मान वळवून बघू लागला, की ही बाई अशी मध्येच का उतरली. उस्ताद चालत आले. "पडल्याबिगर स्वार होत न्हाई. चढा." रात्री वहीत लिहिलं: 'पडणे: उद्दिष्ट शून्य, साध्य एक'. वर्षभरात उद्दिष्टाच्या वर गेलेली ही एकमेव बाब.

पुढच्या रविवारी मात्र बंड्या पहिल्या फेरीपासून बावरलेला. कान मागेपुढे, मान ताठ, पाठ फळीसारखी. मी म्हटलं, आज याचं काहीतरी बिनसलंय. उस्ताद बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमी श्वास घेताय का?"

मी तपासलं. घेत नव्हते. चढल्यापासून घेतला नसावा. पिवळ्या पिशवीनंतर मी छातीत हवा भरून कोंडून ठेवली होती, आणि वर बसलेलं माणूस श्वास रोखून दबा धरल्यासारखं बसलंय म्हणजे आसपास वाघ असणार, असा बंड्याचा समज झाला होता.

"सोडा," उस्ताद म्हणाले. मी सोडला. लांब, खांद्यांपासून. माझ्या मांडीखालची फळी हळूहळू घोड्याची पाठ झाली. बंड्याने नाकातून जोरात फुर्रर केलं, मान खाली सोडली आणि थांबला. मी लगाम ओढला नव्हता.

त्या दिवशी दुडकीत आम्ही आठ पावलं बरोबर उठलो-बसलो. नवव्या पावलाला मी मोजू लागले आणि सगळं फिसकटलं. उतरल्यावर बंड्याचे खूर साफ करायला घेतले. हे काम आता माझंच आहे. पायावरून हात खाली न्यायचा, घोट्याशी जरा दाबायचं, की तो पाय उचलून देतो. खुराच्या खोबणीतली माती आकड्याने काढायची, मधला मऊ त्रिकोण सांभाळायचा. बंड्या पाय उचलून देतो खरा, पण त्याबरोबर अंगाचा भारही माझ्यावर देऊन मोकळा होतो. उरलेल्या तीन पायांवर उभं राहायची तसदी तो घेत नाही.

वही अजून आहे. अडथळा, स्पर्धा, ऐच्छिक पदक, सगळ्यांवर काट मारली आहे, पण रेघ बारीक ठेवली आहे, खालचं वाचता येईल इतकी. होकेत्सुंच्या हिशेबाने माझ्याकडे २२ वर्षं आहेत.

गेल्या रविवारी ठोकळ्यावर चढले, तेव्हा खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळता आवळता उस्तादांनी विचारलं, "मग ताई, आज काय लिवलंय वहीत?"

"श्वास घेणे."

"आन् सोडायचा?"

"तो पुढच्या तिमाहीत."