‘टॅब लॉक आहे, मग आतला पिन कसा का ठेवेना!’

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत हजेरीला, गावच्या दूध संस्थेत संकलनाला, कोल्हापुरातल्या हॉटेलात ऑर्डर घ्यायला एकाच ॲपला जखडलेले, म्हणजे ‘किऑस्क मोड’मधले, अँड्रॉइड टॅब वापरतात. ते बसवून देणाऱ्यांमध्ये एक म्हणणं फिरतंय: ‘किऑस्क मोडमध्ये फाईल मॅनेजर नाही, सेटिंग उघडत नाही. बाहेर पडायचा पिन ॲपने साधा लिहून ठेवला तरी बिघडत नाही. फार तर बेस६४ किंवा एमडी५ करून, म्हणजे त्याचं रूप बदलून, ठेवा. गेलाच तर एक टॅब जाईल.’ हे मुळातच चुकीचं आहे. एकेक मुद्दा घेऊ.

‘फाईल मॅनेजर दिसत नाही.’ पडद्यावर दिसत नाही, एवढंच. ॲप पुन्हा टाकलं तरी सेटिंग टिकावी म्हणून त्याची फाईल अनेकदा मेमरी कार्डावर लिहिली जाते, आणि नेहमीसारखं जोडलेलं कार्ड एन्क्रिप्ट नसतं. ट्रेच्या भोकात टाचणी घातली, कार्ड काढून रीडरला लावलं, की नोटपॅडमध्ये पिनची ओळ जशीच्या तशी वाचता येते. टॅबच्या कुलपाला हातही लावावा लागत नाही. कार्ड नसेल तर सेफ मोड आहे. बहुतेक टॅबवर पॉवर मेनूतल्या ‘बंद करा’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत. किऑस्क नुसतं लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) म्हणून बसवलं असेल, तर कंपनीचा मूळ होम स्क्रीन डाउनलोड फोल्डरसकट समोर उभा राहतो.

‘पण पिन ॲपच्या खाजगी फोल्डरमध्ये आहे.’ हे निम्मं बरोबर. ते फोल्डर दुसऱ्या ॲपला वाचता येत नाही. पण मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाईलमध्ये) बंद केला नसेल तर बॅकअप चालूच असतो, आणि अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या आवृत्तीसाठी बनवलेल्या (तेच ‘टार्गेट’ ठेवलेल्या) ॲपचा डेटा एडीबी या कॉम्प्युटरवरून टॅबला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या बॅकअपमधून केबलने बाहेर येतो. त्याला यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलने अशा आज्ञा घेऊ देणारी सेटिंग, लागतं. बसवताना ते चालू करतात आणि बंद करायचं राहून जातं. मग लॉगकॅट, म्हणजे टॅबमधल्या ॲपच्या नोंदींची वही, तीही वाचता येते. तपासणीसाठी कुणी टाकलेली ‘पिन जुळला’ अशी ओळ पिनसकट तिथे पडलेली असू शकते.

‘बेस६४ करतो’, ‘एन्क्रिप्ट करतो’. बेस६४ ही फक्त लिहायची पद्धत आहे, उलटवायला किल्ली लागत नाही. एन्क्रिप्शनची किल्ली कोडमध्येच लिहिली असेल तर एपीके (ॲपची फाईल) जॅडएक्स या कोड उलगडून दाखवणाऱ्या साधनात उघडली की ती सापडते, आणि तीच किल्ली ॲपच्या प्रत्येक प्रतीत असते.

‘एमडी५ तर उलटवता येत नाही.’ एमडी५ हा हॅश, म्हणजे मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. तो उलटवायची गरजच पडत नाही. चार आकडी पिन म्हणजे ०००० ते ९९९९, १०,००० शक्यता. सगळ्यांचा एमडी५ साधा लॅपटॉप सेकंदाच्या आत काढतो. पीबीकेडीएफ२ या मुद्दाम संथ केलेल्या हॅशच्या ६ लाख फेऱ्या लावल्या आणि एका प्रयत्नाला पाव सेकंद धरला, तरी सगळे पिन २,५०० सेकंदांत संपतात, म्हणजे पाऊण तासाच्या आत. त्यामुळे छोट्या पिनला नुसता संथ हॅश पुरत नाही. त्यावर अँड्रॉइड कीस्टोअरमधल्या (टॅबच्या किल्ल्यांच्या तिजोरीतल्या) किल्लीने एचमॅक, म्हणजे किल्ली लागणारा हॅश, काढा. ही किल्ली टॅबच्या बाहेर नेता येत नाही, मग फाईल हाती लागली तरी दुसऱ्या मशीनवर पिन ताडून बघता येत नाही. अँड्रॉइड ६ पासून हे जमतं. किल्ली स्क्रीन लॉकला मात्र बांधू नका; लॉक काढलं की ती कायमची बाद होते आणि तुमचाच पिन चालेनासा होतो.

‘एकच टॅब जाईल.’ हे सगळ्यात घातक वाक्य. सोयीसाठी सगळ्या टॅबना एकच पिन देतात. एक फुटला की सगळे उघडे. त्याच सेटिंग फाईलमध्ये अनेकदा वायफायचा आणि सर्व्हरचा पासवर्डही असतो. टॅब जोडायच्या क्यूआरमध्ये वायफायचा पासवर्ड भरला असेल तर तो साध्या मजकुरात असतो, कुठल्याही फोनने स्कॅन केला की वाचता येतो. तो क्यूआर खोक्यावर चिकटवू नका, ग्रुपवर टाकू नका.

करायचं ते असं. टॅब फॅक्टरी रीसेट करा, पहिल्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करून क्यूआरने डिव्हाइस ओनर (टॅबवर पूर्ण ताबा असणारं ॲप) लावा. मग सेफ मोड, डीबगिंग आणि यूएसबी फाईल ट्रान्सफर तिथून बंद करा. हे एडीबीने करणार असाल तर आधी एकही खातं जोडू नका, नाहीतर आज्ञा नाकारली जाते. प्रत्येक टॅबला वेगळा, निदान सहा आकडी पिन आणि १६ बाइटचा वेगळा सॉल्ट (हॅश करण्याआधी पिनला जोडायचा यादृच्छिक मजकूर) द्या. पाच चुकांनंतर ३० सेकंद थांबवा, पुढच्या प्रत्येक चुकीला दुप्पट. चुकांचा आकडा डिस्कवर लिहा, नाहीतर रीबूट केला की तो शून्य होतो. थांबण्याचा वेळ टॅबच्या तारीख-वेळेने मोजला तर तारीख पुढे करून तो चुकवता येतो. टॅब सुरू झाल्यापासून (बूटपासून) मोजा आणि रीबूटनंतर थांबण्याचा वेळ पहिल्यापासून लावा.

विकत घेतलेलं ॲप तपासायचं असेल तर ७३९१५८ सारखा, इतरत्र योगायोगाने न सापडणारा पिन लावा, दोनदा आतबाहेर करा, सेटिंग एक्स्पोर्ट करा. मग कार्ड, डाउनलोड फोल्डर, बॅकअप आणि लॉगकॅट यांत तो आकडा शोधा, त्याचं बेस६४ आणि एमडी५ रूपही शोधा. एकही सापडलं तर ते ॲप परत करा.