खेळून म्हणे मुली "पुरुषी" होतात!

तो फॉरवर्ड परत फिरतोय. कॉलेजातल्या मुलींना कबड्डी, कुस्ती, वेटलिफ्टिंग खेळू देऊ नका, शरीर पुरुषी होतं, पाळी बंद पडते, मूल होत नाही, लग्न जमत नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी टाकला आणि खाली सगळ्यांचे अंगठे, म्हणून लिहितेय.

"शरीर पुरुषी होतं". अहो, बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषापेक्षा कितीतरी कमी असतं, वजनं उचलून ते काही पुरुषाएवढं होत नाही. मीराबाई चानू ४९ किलोच्या गटातली, टोकियोत ११५ किलो डोक्यावर उचलून सिल्व्हर घेऊन आली. आता खांदे भरतात, मांड्या जाड होतात हे खरंय, पण कबड्डीच्या चढाईत तिघी-चौघींना ओढत मध्यरेषेपर्यंत यायचं तर काड्यांसारख्या पायांवर कशी येणार?

"पाळी बंद पडते". हे अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. पाळी जाते ती खेळाने नाही, खेळाला पुरेल एवढं न खाल्ल्याने. एनर्जी कमी पडली की मेंदू पाळीचे हॉर्मोन आवरते घेतो, मग इस्ट्रोजेन कमी, हाडं कमकुवत, स्ट्रेस फ्रॅक्चर. ऑलिम्पिक कमिटीने २०१४ ला याला "रेड-एस" असं नाव दिलं. आणि मुली कमी का खातात? कधी वजनगटासाठी, विनेश फोगाट रात्रभर घाम गाळून, केस कापूनसुद्धा पॅरिसमध्ये १०० ग्रॅमसाठी फायनलमधून बाहेर गेली ते सगळ्यांनी बघितलं. पण कबड्डी-खोखोवाल्या पोरीसुद्धा जेवण तोडतात, कारण "काय गं, पैलवान झालीस" हे घरीदारी ऐकायचं असतं. ज्या दंडांमुळे टीममध्ये घेतलं तेच ट्रॅडिशनल डेला ब्लाउजमध्ये मावत नाहीत म्हणून मैत्रिणी खिदळतात, मग ही रात्रीची भाकरी सोडते आणि सकाळी सहाला परत ग्राउंडवर. म्हणजे ज्याची भीती घालताय ते तुमच्या असल्या मेसेजनीच होतंय, कमाल आहे! तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे न्या, कोच "खेळाडूंचं असंच असतं" म्हणाले तरी न्या.

"मूल होत नाही". मेरी कोमला २००७ ला जुळी झाली, २००८ ला ती परत वर्ल्ड चॅम्पियन. पुढे.

लग्न. दंड बघून नकार देणारं स्थळ गेलं तर सुटलोच की. आणि खेळ सोडवून मिळणार काय, आठवीपासून पोरीची ओळखच "कबड्डीवाली" आहे, गल्लीत, कॉलेजात, तिच्या स्वतःच्या डोक्यातसुद्धा, ती काढून घेऊन काका तुम्ही तिच्या हातात देणार काय, बायोडेटा?