जीव टांगणीला आणि टेन्टरहुक्स

काल रात्री भाचीचा कॉलेज अॅडमिशनचा इंग्लिश निबंध वाचत होते. पहिल्याच पानावर खूप आनंद झाला म्हणून 'ओव्हर द मून', 'ऑन क्लाउड नाइन', आणि खाली आजी गेली तिथे 'माय हार्ट वॉज शॅटर्ड इनटू अ मिलियन पीसेस'. एवढं वाचूनही मला काहीच वाटलं नाही हो, आणि ती आजी म्हणजे माझी सख्खी आई होती!

मग तिला २६ जुलै २००५ सांगितला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, बाबा कुर्ल्याला अडकलेले, फोन लागेना, आम्ही लालबागला. आई सारखी वरणाचं पातेलं गॅसवर ठेवायची, गरम करायची, झाकायची, परत खिडकीशी. पहाटेपर्यंत वरण आटून पार घट्ट गोळा झालं होतं. बाबा सकाळी चालत आले, बूट हातात. आई काही बोलली नाही, वरणात पाणी घातलं आणि ताट वाढलं.

शाळेत ह्यावर निबंध लिहिताना मी 'अवर लाइफ वॉज हँगिंग' लिहिलं, जीव टांगणीला म्हणून. बाईंनी लाल पेनने खोडून वर 'ऑन टेन्टरहुक्स' लिहिलं, ते काय असतं हे सांगितलंच नाही. किती वर्षांनी कळलं की टेन्टर म्हणजे ओलं लोकरीचं कापड आकसू नये म्हणून ताणून वाळवायची चौकट आणि टेन्टरहुक म्हणजे तिचे आकडे. आणि आमचे आजोबा गिरणीत स्टेंटरवर होते! त्याच चौकटीचं पुढे झालेलं मशीन, कापडाच्या दोन्ही कडा धरून ताणत नेणारं. शब्द आमच्या घरातला आणि मी तो नुसता घोकत बसले होते.

म्हणून इंग्लिशमध्ये असे वाक्प्रचार वापरूच नका, साधं लिहा, असं कोणी म्हणालं की मला नाही पटत. भावना शरीरातच उतरते ना. घाबरलं की इंग्लिशवाल्यांचं हार्ट तोंडाशी येतं, आपला जीव मुठीत, रक्त मात्र रागाने दोघांचंही उकळतं. डॉक्टरसुद्धा 'ब्रोकन हार्ट सिंड्रोम' म्हणतात, १९९० च्या सुमारास जपानमध्ये त्याची पहिल्यांदा नोंद झाली, मोठ्या धक्क्याने हृदयाचा आकार खरंच काही काळ बदलतो. पण एका पानात चार-चार आले की एकाचंही वजन राहत नाही. आधी पातेलं दाखव, मग वाटलंच तर एखादा ठेव, आणि तो कुठून आलाय ते माहीत असू दे, एवढंच मी तिला म्हटलं.

तिने 'मिलियन पीसेस' खोडलं. आता तिथे लिहिलंय की आजीने केलेले शेवटचे दोन मेथीचे लाडू अजून फ्रीजमध्ये आहेत आणि घरात कोणी खात नाही. रिझल्टच्या दिवशीचं 'ओव्हर द मून' मात्र मीच ठेवायला लावलं, कारण त्या दिवशी ती चाळीच्या जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उड्या मारत खाली आली होती, मी पाहिलंय.