तराजू बदलला, माल तोच होता

"गार्थ ब्रूक्सचा 'रोपिन द विंड' १९९१ मध्ये पहिल्या क्रमांकावर आला, तो केवळ मोजणीची पद्धत बदलली म्हणून. एरवी कंट्री संगीताला तिथे कोण विचारतं? त्यातलं गाजलेलं गाणंही उसनं. बाकी सगळी जाहिरातबाजी." अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री संगीताचा गायक गार्थ ब्रूक्स याच्या अल्बमबद्दलचा हा मजकूर सध्या हातोहात फिरतोय. मला तो खटकतो, कारण त्यातलं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याच्या आधारावर उरलेलं खपवलं जातंय.

खरं ते आधी मान्य करतो. मे १९९१ पर्यंत बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाची सर्वाधिक खपाच्या अल्बमची यादी दुकानदारांनी कळवलेल्या अंदाजांवर बनायची. गल्ल्यावरच्या माणसाला रॉक खपतंय असं वाटलं की तसंच वर कळवलं जायचं, आणि कंट्रीचा खप झाकलेला राहायचा. मग साउंडस्कॅन ही मोजणीची नवी पद्धत आली, बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली आणि सप्टेंबरमध्ये 'रोपिन द विंड' थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. कंट्री अल्बमच्या बाबतीत असं प्रथमच घडत होतं. पण खोट होती ती जुन्या तराजूत. नव्या तराजूने मापात पाप केलं नाही, आधीचं उघड केलं.

शिवाय हा तराजू एकट्या गार्थसाठी टांगलेला नव्हता. गन्स अँड रोझेस या रॉक बँडने त्याच महिन्यात दोन अल्बम एकदम बाजारात आणले आणि त्याला खाली ढकललं. तो परत वर आला. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाना या रॉक बँडने शिखर गाठलं. त्यानंतरही गार्थचा अल्बम परतला. सलग नव्हे, पण एकूण १८ आठवडे पहिला क्रमांक! मोजणीतला बदल एखाद्याला एका आठवड्यापुरता वर दाखवू शकेल. सहा-सहा, आठ-आठ आठवड्यांनी पुन्हा पैसे मोजायला गिऱ्हाईकच यावं लागतं. आणि अल्बम बाजारात येण्याआधीच दुकानदारांनी सुमारे ४० लाख प्रतींची मागणी नोंदवली होती. कुठलाही आकडा छापला जाण्याआधी त्यांनी स्वतःचा पैसा अडकवला, कारण आधीचा 'नो फेन्सेस' कसा उचलला जातोय हे ते रोज पाहत होते.

कंट्रीला तिथे कोणी विचारत नव्हतं, हेही खोटं. जॉनी कॅशचा सॅन क्वेंटिन तुरुंगातला अल्बम १९६९ मध्ये आणि केनी रॉजर्सचा 'ग्रेटेस्ट हिट्स' १९८० मध्ये जुन्याच पद्धतीने पहिले आले होते.

आता उसन्या गाण्याचं. 'शेमलेस' पॉप गायक बिली जोएलचं आहे, १९८९ च्या अल्बममधलं. ते कोणी लपवलेलं नाही. पण गार्थच्या गाण्यात कंट्री गायिका ट्रिशा यरवूडचा आवाज मागून साथीला येतो आणि शरण गेलेल्या माणसाची ती कबुली वेगळीच होऊन जाते. दोन्ही एकामागून एक ऐका. तरीही एका गाण्यावरून अख्खा अल्बम उसना ठरवायचा? या अल्बममधून पाच गाणी सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, आली. त्यातली 'व्हॉट शीज डुइंग नाऊ', 'पापा लव्ह्ड मामा' आणि 'द रिव्हर' लिहिण्यात गार्थचा स्वतःचा हात आहे. 'शेमलेस', 'व्हॉट शीज डुइंग नाऊ' आणि 'द रिव्हर' कंट्रीच्या यादीत पहिली आली, 'रोडिओ' आणि 'पापा लव्ह्ड मामा' तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. ही यादी तेव्हा गाणं रेडिओवर किती वाजतं यावर ठरायची. दुकानातल्या बारकोडचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

जाहिरातबाजीच्या आरोपाला एवढाच आधार, की गार्थने ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून जाहिरात या विषयात पदवी घेतली. पण १९८५ मध्ये तो कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला गेला आणि दिवसभरात हिरमुसून घरी परतला. दोन वर्षांनी पुन्हा गेला तेव्हा पोटासाठी बुटांच्या दुकानात काम करत होता. रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला १९८८ मध्ये. १९८९ मध्ये आलेलं त्याचं पहिलं सिंगल कंट्रीच्या यादीत आठव्या क्रमांकावर थांबलं. नुसत्या जाहिरातबाजीने वर चढणाऱ्याची वाट अशी नसते.