आरोग्यखर्च दुप्पट झाला, पण कोणाचा?

नाशिकमधील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. देशाचा आरोग्यखर्च आठ वर्षांत दुप्पट झाला, त्याला ज्येष्ठांची वाढती संख्या आणि डॉक्टरांची फी कारणीभूत आहे आणि सरकारने हात आखडता घेतल्याने सारा बोजा घरांवर पडला, असे त्यात ठासून सांगितले आहे.

दुप्पट हा आकडा खरा आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे केंद्र सरकार मांडत असलेल्या देशाच्या आरोग्यखर्चाच्या हिशेबानुसार, २०१३-१४ मध्ये एकूण खर्च सुमारे ४.५३ लाख कोटी रुपये होता आणि २०२१-२२ मध्ये तो ९.०४ लाख कोटींवर गेला. मात्र ही रक्कम चालू किमतींची आहे, तिच्यातून महागाई वजा केलेली नाही. सकल देशांतर्गत उत्पादनाशी ताडून पाहिले, तर हाच खर्च ४ टक्क्यांवरून ३.८३ टक्क्यांवर उतरलेला दिसतो.

कारणांबाबत संदेश अधिकच घसरतो. २०१९-२० मध्ये खर्च ६.५६ लाख कोटी होता. म्हणजे आठ वर्षांतील निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या दोन वर्षांत, महासाथीच्या काळात झाली. देश दोन वर्षांत इतका म्हातारा होत नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि ते सावकाश वाढते आहे; मधुमेह व रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांमुळे त्याचा भार पुढे जाणवेल हे खरे, पण या उसळीचे श्रेय त्याला देता येत नाही. फीबद्दल बोलायचे, तर दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांत सर्वांत मोठा खर्च औषधांचा असतो. किंमत-नियंत्रणाखालील औषधांचे दर घाऊक किंमत निर्देशांकाशी बांधलेले असल्याने एप्रिल २०२२ मध्ये सुमारे १०.८ आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१ टक्के वाढीला मुभा मिळाली. ही वाढ वरील लेख्यांनंतरची आहे, तरी मेडिकलमधले बिल का फुगते याचे उत्तर डॉक्टरांच्या फीपेक्षा तिथे अधिक सापडते.

सरकारने हात आखडता घेतला, हे विधान तर उलटेच आहे. एकूण खर्चातील सरकारी वाटा याच आठ वर्षांत २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला, तर घरच्यांनी खिशातून भरलेला वाटा ६४.२ वरून ३९.४ टक्क्यांवर आला. महासाथीच्या दोन वर्षांतील वाढीपैकी सुमारे दोन तृतीयांश रक्कम सरकारी होती. तरीही २०२१-२२ मध्ये सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्केच भरला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. टीका करायचीच असेल, तर ती या तफावतीवर व्हायला हवी.

शिवाय ३९.४ हा आकडाही डोळे मिटून स्वीकारण्यासारखा नाही. घरखर्चाचा अंदाज २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणावरून पुढे नेलेला आहे. त्यामुळे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नाशिककरांनी खाटा, ऑक्सिजन आणि इंजेक्शनांसाठी मोजलेली रक्कम त्यात प्रत्यक्ष मोजली गेलेली नाही. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून शहरात उपचारासाठी येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी तर आरोग्यखर्चाच्या व्याख्येतच बसत नाही.