ऐनवेळचे विषय

आमची पिठाची गिरणी गावाच्या तिठ्यावर आहे. समोर विजेचा खांब, खांबावर दिवा, दिव्यावर चिंचेची फांदी आणि खाली रस्ता. नवख्या पाहुण्याला हे गावाकडचं साधं चित्र वाटेल. मला मात्र आता माहीत आहे की तिथे चार खात्यांच्या हद्दी मिळतात.

पावसाळ्याच्या तोंडाला दिवा गेला. दिवेलागणीला दळण न्यायला येणाऱ्या बायका डोक्यावर डबा घेऊन चाचपडत चालायला लागल्या. वायरमन गिरणीवर चहाला थांबतो, त्याला म्हटलं, "भाऊ, तेवढा दिवा बघा की." मान वर न करता तो म्हणाला, "खांब आमचा. दिवा पंचायतीचा."

पंचायतीत गेलो. ग्रामसेवकाचं पद कागदोपत्री आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाला ते भाऊसाहेबच. भाऊसाहेबांनी दिव्याची मालकी लगेच कबूल केली. "दिवा आमचाच आहे हो. पण वर चढायचं तर लाइन बंद करायला लागते, आणि लाइन त्यांची. शिवाय निधीचं बघावं लागेल." मग त्यांनी मला निधी समजावून सांगितला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाला दोन कप्पे. 60 टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. 40 टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे. "मग दिवा अबंधितातून घ्या," मी म्हणालो. "अबंधित सगळा 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात बांधून टाकलाय," ते म्हणाले. मी लेखी अर्ज दिला. गिरणीत ज्वारी टाकली की पीठ पडतं, पंचायतीत अर्ज टाकला की आवक क्रमांक पडतो.

वायरमनला दया आली असावी. एक दिवस त्यानं खरोखर मान वर केली, आणि नवंच निघालं. दिवा बसवूनही उपयोग नव्हता, कारण फांदी आडवी आली होती. उजेड चिंचेला मिळाला असता. शिवाय फांदी तारेला घासत होती. "ती छाटा आधी."

चिंच छाटणं ही काय मोठी गोष्ट आहे? पण झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा 1964 चा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ यांच्या पंगतीला चिंच बसलेली आहे. शिवाय झाड रस्त्याच्या कडेचं. म्हणजे ज्याचा रस्ता त्याला विचारायला हवं. इथे खरी मजा आली. आमचा रस्ता आधी ग्रामीण मार्ग होता, म्हणजे जिल्हा परिषदेकडे. मध्यंतरी त्याची दर्जोन्नती झाली आणि तो प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेला. गावात त्या आनंदात फ्लेक्सही लागला होता. रस्त्याला बढती मिळाली, खड्डे होते त्याच हुद्द्यावर राहिले. जिल्हा परिषदेच्या उपविभागात म्हणाले, रस्ता वर्ग केला. बांधकाम खात्यात म्हणाले, कागद अजून यायचेत. मधल्या काळात चिंच कुणाचीच नव्हती, आणि पावसाळ्यात तिनं आणखी दोन फूट अतिक्रमण केलं.

माझा पुतण्या पुण्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सुट्टीला आला की पोत्यावर बसून पुस्तक वाचतो. त्याला हे सगळं सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. "काका, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती! 24 एप्रिल 1993 पासून लागू. अकरावी अनुसूची, 29 विषय. सहावा सामाजिक वनीकरण, तेरावा रस्ते, चौदावा ग्रामीण विद्युतीकरण. हे सगळं पंचायतीकडे सोपवायचं ठरलंय."

"मग दिवा का लागत नाही?"

"ते सिलॅबसमध्ये नाही," तो म्हणाला आणि पान उलटलं.

त्यानंच मोबाइलवरून तक्रार टाकून दिली. थोड्या दिवसांनी मेसेज आला: आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करून निकाली काढण्यात आली आहे. रात्री तो मेसेज वाचायला मोबाइलचा उजेड पुरला, हे मात्र खरं.

शेवटी तात्या म्हणाले, "अरे, ग्रामसभेत मांड. तिथं ठराव झाला की सरपंचाच्या बापालाही मोडता येत नाही." सरपंच आमच्या वहिनी आहेत. सही वहिनींची आणि उत्तरं दादांची अशी आमच्याकडे अधिकारांची विभागणी आहे. वहिनींना एकट्यांना गाठलं तर त्या काम पटकन करतात, पण त्यांना एकट्यांना गाठणं हे वेगळं खातं आहे.

15 ऑगस्टला गेलो. झेंड्याला मैदान भरलं होतं, पण त्यातली निम्मी गर्दी पहिली ते सातवीतली, मतदार नव्हे. उरलेले जिलेबीचा पुडा मिळेपर्यंत देशभक्त होते. सभा सुरू झाली तेव्हा सतरंजीवर आम्ही नऊ माणसं आणि एक कुत्रं. कोरमला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं. भाऊसाहेबांनी घड्याळ बघून सभा तहकूब केली. या कामात त्यांचा हात बसलेला आहे.

तहकूब सभेची गंमत अशी की पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. हजाराचं गाव असो की पाच हजारांचं, सात जण बसले तरी गाव बसलं. हा नियम ज्यानं केला त्याला गावं चांगली माहीत होती. मला तर वाटतं तो आमच्याच गावचा असावा. मी त्या सातांत होतो. दिव्याचं काढल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "तुमचा विषय ऐनवेळचा होता. विषयपत्रिकेवर नव्हता. तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही."

"मग मूळ सभेत का घेतला नाही?"

"ती तहकूब झाली ना."

दोन दिवसांनी पंचायतीचा शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन गिरणीवर आला. चक्की चालू, पट्टा फडफडतोय, हॉपरवर गहू संपत आलेला आणि त्यानं पिठानं माखलेल्या माझ्या हातात पेन दिलं. "काका, तुम्ही आलावता, सही राहिली." बाहेर अंधार. त्यानं मोबाइलची बॅटरी मारली आणि मी सही केली. माझ्या आधी बऱ्याच सह्या होत्या. सतरंजीवर न दिसलेलं गाव रजिस्टरात बसलेलं होतं.

आणि मग अचानक दिवा लागला! फांदी वाऱ्यानं पडली होती, वायरमननं दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी लाइन बंद केली होती आणि तेवढ्यात पंचायतीच्या पोरानं बल्ब बसवला. कुणी कुणाला विचारलं नाही. फक्त त्याचा स्विच कुठे आहे हे कुणालाच सापडेना, त्यामुळे तो दिवसाही जळतो. भर दुपारी दळण घेऊन जाणारी मावशी वर बघून म्हणते, "ह्याचं बिल आपल्याच घरपट्टीतनं ना रे?"

मी ते विचारायला पुढच्या ग्रामसभेला गेलो. पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. भाऊसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. ठराव क्रमांक चार: तिठ्यावरील पथदिव्याचे काम तत्परतेने मार्गी लावल्याबद्दल सर्व संबंधितांचे अभिनंदन. सूचक म्हणून माझं नाव. अनुमोदक म्हणून माझ्या चुलतभावाचं, जो वाशीला माथाडीत आहे आणि गावात फक्त यात्रेला येतो.

ठराव सर्वानुमते मंजूर.